सभेची नोटीस वाचताच येत नाहीये

ए-१०२: सचिवसाहेब, सकाळची नोटीस उघडली. डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए, शेजारी चार पाय फुटलेलं गोल, पानभर हेच. मधूनमधून जपानी येनचं चिन्ह. मेंटेनन्स आता येनमध्ये भरायचा का?

सी-२०१: मला दुपारची आली. नुसती प्रश्नचिन्हं 🙄

सचिव: फॉन्ट बदलला, मोठा केला, काही फरक नाही. मग सेटिंगमध्ये ‘वेस्टर्न युरोपियन’ निवडून दुपारी परत पाठवली.

बी-३०४: काका, तिथेच घोटाळा झाला. फॉन्टचा यात दोष नाही. संगणक अक्षरं बाइट नावाच्या आकड्यांत साठवतो, त्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळ्या. म्हणजे ‘सभा’ ९ बाइट. मेलवर एन्कोडिंगचं लेबल चुकीचं असलं की समोरचा प्रोग्राम दर बाइटला एक युरोपियन अक्षर समजतो. आपल्या अक्षरांचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तो ए सारखा दिसतो. दुसऱ्या बाइटचे दोनच प्रकार, एकाचं ते गोल होतं आणि दुसऱ्याचा येन.

ए-१०२: म्हणजे सकाळची नोटीस आत शाबूत आहे?

बी-३०४: हो. मेलसाठी थंडरबर्ड प्रोग्राम वापरत असाल तर व्ह्यू मेन्यूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबून बघा. दुपारचीचं मात्र काही करता येणार नाही. वेस्टर्न संचात मराठी अक्षरंच नाहीत, म्हणून पाठवतानाच त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं बसली. मूळ मजकूर त्या मेलमध्ये उरलेलाच नाही.

सचिव: मग मी काय करू? जुनं आउटलुक आहे.

बी-३०४: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. तिथे खाली इंटरनॅशनल ऑप्शन्स. जाणाऱ्या मेलसाठी ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा आणि नोटीस नव्याने पाठवा. दुपारची फॉरवर्ड करू नका हं!

खजिनदार: माझी जुनी हिशोबाची फाइलही अशीच इंग्रजी-इंग्रजी दिसते. तिलाही हेच औषध?

बी-३०४: नाही ताई, तिचं दुखणं वेगळं. जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, कन्व्हर्टच करावी लागेल.

सचिव: पाठवली. बघा बरं.

सी-२०१: दिसली 👍

ए-१०२: दिसली. पण ‘सर्प सभासदांनी उपस्थित राहावे’ असं आलंय. हेही एन्कोडिंग?

बी-३०४: नाही काका, ते टायपिंग.