शब्दचर्चा : ‘इंडी डान्स’, ‘बॅगी’, ‘लूप’, ‘ग्रूव्ह’ मराठीत कसे लिहावेत?

शब्दखोर

१९८९ ते १९९२ या काळातल्या ब्रिटिश इंडी डान्स संगीतावर (गिटारवाले बँड, क्लबचा ठेका) मराठीत मोठा लेख लिहायला घेतलाय. स्टोन रोझेस, हॅपी मंडेज, प्रायमल स्क्रीम, शार्लटन्स वगैरे बँड. माहिती आहे, शब्द अडतात. मसुद्यातलं एक वाक्य बघा : ‘प्रायमल स्क्रीमच्या स्वतंत्र संगीताचे अँड्र्यू वेदरॉलने पुनर्मिश्रण केले आणि त्याला सैल खोबण दिली.’ (वेदरॉल हा डीजे, ‘खोबण’ म्हणजे ग्रूव्ह.) हे वाचून कुणी सुतारकामाचा लेख समजेल. इंडी, बॅगी, ब्रेक, लूप, ग्रूव्ह, रीमिक्स या सहांचं काय करावं? कोशातला पर्याय नको. वाचकाच्या कानात नेमकी तीच गोष्ट वाजली पाहिजे.

बारा इंची

‘इंडी’ला ‘स्वतंत्र’ म्हणू नका. ‘स्वतंत्र’ म्हटलं की कलावंताची बाणेदार वृत्ती डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दाचा वृत्तीशी संबंध नव्हता, ट्रक आणि गोदामाशी होता. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८०पासून इंडी चार्ट निघू लागला. त्यात शिरायची अट एकच : रेकॉर्ड दुकानात पोचवणारी वितरण यंत्रणा बड्या कंपन्यांची नसावी. गाणं कसं वाजतं याचा विचारच नाही. म्हणून तर पीडब्ल्यूएल या लेबलवरची पॉप गायिका काइली मिनोग, जिच्यात ‘इंडी’ असं तसूभरही नव्हतं, त्याच चार्टवर वर जाऊन बसायची.

१९९०पर्यंत बोलण्यातला अर्थ सरकला होता. इंडी म्हणजे गिटार, कपाळावर केसांची झुलपं आणि फॅक्टरी किंवा क्रिएशनसारखं लेबल. तुमच्या लेखात हा दुसरा अर्थ आहे. ‘इंडी’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा. मात्र ‘इंडी पॉप’ लिहू नका. आपल्याकडे इंडीपॉप म्हटलं की १९९५ची अलिशा चिनॉय आठवते; तिथला ‘इंडी’ इंडियाचा. आणि नुसतं ‘इंडी’ शीर्षकात टाकलंत तर लोक राजकीय आघाडीची बातमी समजून उघडतील.

‘डान्स’चं ‘नृत्य’ करायचाही मोह टाळा. इथे डान्स म्हणजे क्लबात वाजणारं संगीत, नाचाचा प्रकार नव्हे. ‘क्लबच्या ठेक्यावर बांधलेली गिटारवाल्या बँडांची गाणी’ असं एकदा लिहून पुढे खुशाल ‘इंडी डान्स’ म्हणा.

खालीभरी

बॅगी = ढगळ. कपड्यांपुरता हा शब्द चपखल आहे, कारण नाव कपड्यांवरूनच पडलं : घोळदार जीन्स, लांब बाह्यांचे ढगळ टी-शर्ट, डोक्यावर मच्छीमारी टोपी. पण लयीला ‘ढगळ’ म्हटलं तर ती शिवी होते. ‘ठेका ढगळ झाला’ म्हणजे तबलजी घसरला. बॅगी गाण्यात कुणीही घसरलेलं नसतं. प्रायमल स्क्रीमचं ‘लोडेड’ मिनिटाला सुमारे ९८ ठोक्यांवर चालतं, स्टोन रोझेसचं ‘फूल्स गोल्ड’ ११३च्या आसपास. त्याच काळात हाऊस हे क्लबसंगीत १२० ते १२५वर धावत होतं. म्हणजे क्लबच्या मानाने धीमं, पण ठोका पक्का. मी ‘ऐसपैस’ सुचवेन. ऐसपैस माणूस पसरून बसतो, पडत नाही.

शब्दखोर

‘ऐसपैस लय’ घेतला! मॅडचेस्टरचं, म्हणजे मँचेस्टर शहरातल्या या संगीतलाटेच्या टोपणनावाचं, काय करू? ‘येडचेस्टर’ लिहिण्याची फार इच्छा होते आहे.

खालीभरी

इच्छा आवरा. तो श्लेष इंग्रजीत शहराच्या नावातच दडतो, मराठीत तसा दडत नाही. शिवाय हॅपी मंडेजच्या नोव्हेंबर १९८९च्या ईपीच्या (छोट्या रेकॉर्डच्या) नावातच ‘मॅडचेस्टर’ आहे, तेव्हा ते विशेषनाम झालं. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणत आलेल्या वाचकाला हे गिरण्यांचंच गाव, एवढं सांगितलं की पुरे.

टेपवाला

ब्रेक आणि लूपमध्ये लोक सर्वाधिक घोळ घालतात, म्हणून जरा सविस्तर.

‘ब्रेक’ म्हणजे थांबणं नव्हे, उलट आहे. बाकीची वाद्यं गप्प होतात आणि ड्रम एकटा उरतो, तो भाग म्हणजे ब्रेक. जेम्स ब्राऊनचं ‘फंकी ड्रमर’ (ध्वनिमुद्रण १९६९, ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड) हे ठळक उदाहरण. मराठीत ‘तुकडा’ म्हणू नका. तबल्यात तुकडा ही समेवर येणारी बांधलेली रचना आहे, ब्रेकमध्ये काहीच ‘येत’ नाही, ठेका नुसता चालू राहतो. ‘मोकळा ठेका’ म्हणा.

तोच मोकळा ठेका कापून पुन्हा पुन्हा फिरवला की लूप. याला ‘आवर्तन’ म्हणण्यात अडचण अशी की आवर्तन दर वेळी नव्याने वाजतं, हात तोच असला तरी थाप केसभर वेगळी पडते. लूपमध्ये थाप तीच, खोलीतला घुमारा तोच, रेकॉर्डवरची खरखरसुद्धा त्याच जागी. भूमिकेने जवळचा म्हणाल तर तबलावादनातला लेहरा, पण तो सुरांचा असतो. ‘लूप’च ठेवा, क्रियापद मात्र मराठी वापरा : लूप ‘फिरतो’, ‘फिरवत ठेवतात’.

लूप कसा कापतात हे एका परिच्छेदात दिलंत तर शब्द आपोआप कळेल. गती मिनिटाला १०० ठोके धरा. एक ठोका ०.६ सेकंद, चार ठोक्यांचा एक बार, दोन बार म्हणजे ८ ठोके, ४.८ सेकंद. सुरुवात पहिल्या किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या थापेच्या) अगदी तोंडाशी आणि शेवट तिसऱ्या बारच्या किकच्या आधी. कापताना आवाजाची लहर शून्यावर असली पाहिजे, नाहीतर सांध्यावर दर फेरीला ‘टक्’ वाजतं. त्या काळातला लोकप्रिय सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) अकाई एस१००० (१९८८) : १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मूळची स्मृती २ मेगाबाइट. स्टिरिओत सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट लागतात, म्हणजे हा ४.८ सेकंदांचा लूप साधारण ८४७ किलोबाइट खातो. असे दोन भरले की यंत्र जवळपास भरलं. म्हणून ड्रम मोनोत घेत, जागा निम्मी लागे.

बिघडतं कुठे? समजा कापणी २० मिलिसेकंद लांब झाली, ४.८२. एका फेरीत कुणाला कळणार नाही. लूप आपल्या मनाने फिरत राहिला तर आठ फेऱ्यांत, म्हणजे १६ बारांत, १६० मिलिसेकंद मागे पडतो. १०० गतीला ठोक्याचा चौथा भाग १५० मिलिसेकंद. म्हणजे गायक सरळ चाललाय आणि ड्रम पुढच्या घरात. यावर उपाय म्हणजे सीक्वेन्सरने (ठरल्या वेळी सूर-ठोके सुरू करणाऱ्या यंत्राने) दर दोन बारांनी लूप पुन्हा सुरू करणं. मग चूक साठत नाही, फक्त शेपूट कापली जाते.

शब्दखोर

आणि लूपवर खरा ड्रमर वाजवतो तेव्हा? ‘फूल्स गोल्ड’मध्ये तसंच आहे ना?

टेपवाला

हो, लूप फिरतोय आणि स्टोन रोझेसचा ड्रमर रेनी त्याच्यावर वाजवतोय. तिथे धोका असा की दोन किक अगदी एकत्र पडल्या नाहीत तर ‘धप्’ऐवजी ‘ध-धप्’ ऐकू येतं. मराठीत ‘थाप फुटते’ म्हणा. सर्वसाधारण तोड अशी : लूपमधला खालचा खर्ज साधारण १५० हर्ट्झच्या खाली छाटायचा, म्हणजे खर्जाचा धक्का एकाच किककडून येतो आणि लूपकडे उरते ती वरची सळसळ. त्या सळसळीत खंजिरी आणि मराका आले. मराकाला निःसंकोच ‘खुळखुळा’ म्हणा. हॅपी मंडेजचा बेझ तेच घेऊन स्टेजवर नाचायचा.

बारा इंची

खुळखुळा! तान्ह्या बाळाच्या पाळण्यातून थेट मँचेस्टरच्या हॅसिएंडा क्लबात.

खालीभरी

ग्रूव्हकडे येऊ. रेकॉर्डवरची भौतिक ग्रूव्ह म्हणजे ‘चर’. खर्ज जोरात असेल तर चर आडवा जास्त हलतो, जागा जास्त खातो. म्हणूनच बारा इंची सिंगल : मोठ्या तबकडीवर एका बाजूला एकच गाणं, चरांना ऐसपैस जागा, आवाज मोठा. ‘फूल्स गोल्ड’ची ९ मिनिटं ५३ सेकंद सात इंचीवर कोंबली असती तर चर बारीक करावे लागले असते आणि खर्जाचा जीव गेला असता.

लयीतल्या ग्रूव्हला तबलजींच्या बोलण्यातला शब्द आहे : झोल. ‘ठेक्याला झोल हवा’ म्हणतात ना, तोच. मुंबईत झोल म्हणजे घोटाळा हे खरं, पण ‘लयीचा झोल’ लिहिलंत तर कुणी पोलिसांत जाणार नाही.

आणि तो मोजता येतो. १०० गतीला ठोक्याचे चार भाग, प्रत्येकी १५० मिलिसेकंद. दोन-दोनच्या जोड्या करा, जोडी ३०० मिलिसेकंदांची. सरळ वाजवलं तर १५०-१५०, झोल ५० टक्के. अकाई एमपीसी६० या ठेका वाजवणाऱ्या यंत्रावर तो ५४ केला की १६२-१३८ : दुसरा भाग १२ मिलिसेकंद उशिरा. ६६ टक्क्यांवर सरळसरळ तिगुनीचा भास, साधारण २००-१००. या गाण्यांचा जीव ५४ ते ५८च्या पट्ट्यात आहे. ६६ला गेलात तर दादरा डोकावतो, ५०वर आणलंत तर शिलाई मशीन. पहिला भाग मात्र हलवायचा नाही. तो हलला की झोल नव्हे, गडबड.

केहरव्याशी तुलना करणार असाल तर एक सावधगिरी. एका बारला केहरव्याच्या आठ मात्रा धरल्या तर ‘धा गे ना ती न क धी न’मध्ये स्नेअरची (ड्रममधल्या कडक आवाजाच्या ढोलाची) थाप तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, ‘ना’ आणि ‘धी’वर पडते. पण पाचव्या मात्रेवर आपल्याकडे खाली असते, खर्ज बंद. तिकडे त्या जागी किक पडायला कोणतीच आडकाठी नाही. म्हणून ‘हा तर केहरवाच’ असं लिहू नका, भरी-खालीची कल्पनाच तिथे नाही.

बारा इंची

आता रीमिक्स. २००२च्या ‘कांटा लगा’नंतर मराठी कानाला रीमिक्स म्हणजे जुनं सिनेमाचं गाणं नव्या गळ्याने गाऊन खाली ढमढम घालणं. ते तांत्रिकदृष्ट्या कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्या-वाजवण्याच्या, जवळचं. मूळ अर्थ वेगळा : स्टुडिओतल्या टेपवर गायन, बास, गिटार वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात, त्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, काय बाहेरून आणायचं हे नव्याने ठरवणं. ‘लोडेड’ (१९९०) हा आदर्श नमुना. प्रायमल स्क्रीमच्या १९८९च्या अल्बमवरचं संथ प्रेमभंगाचं गाणं वेदरॉलने उलगडलं, शब्द जवळजवळ सगळे काढले, खाली लूप फिरवला आणि तोंडाला १९६६च्या ‘द वाइल्ड एंजल्स’ चित्रपटातला पीटर फोंडाचा संवाद लावला. गाणं ब्रिटनच्या पहिल्या विसात गेलं. ‘पुनर्मिश्रण’ने हे कळत नाही, तो बांधकामावरचा शब्द वाटतो. ‘रीमिक्स’ ठेवा, पण क्रियापद ‘उसवून पुन्हा शिवणं’ घ्या.

उलट हॅपी मंडेजचं ‘स्टेप ऑन’ (१९९०) रीमिक्स नाही. ते जॉन काँगोसच्या १९७१च्या गाण्याचं कव्हर, बँडने स्वतः वाजवलेलं; ओकनफोल्ड आणि ऑझबोर्न निर्माते. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवलीत तर व्याख्या द्यायची गरजच उरणार नाही.

टेपवाला

गतीबरोबर ‘पट्टी’ बदलते हेही लिहा, आपल्याकडे शब्द तयार आहे. त्या सॅम्पलरांवर १०२ गतीचा तुकडा ९८वर आणायचा तर सर्वसाधारण मार्ग तो हळू वाजवण्याचाच होता, आणि मग सूर सुमारे ०.७ अर्धस्वर उतरतो. म्हणजे काळी एक नाही आणि पांढरी एकही नाही, दोन पट्ट्यांच्या मधोमध. ड्रमला चालतं. पण तुकड्यात बासचा एखादा सूर अडकला असेल तर वरचा कीबोर्ड बेसूर लागणार. मग एकतर बाकी वाद्यं त्या अधल्यामधल्या सुराला लावायची किंवा दुसरा तुकडा शोधायचा.

उलट दिशेचं उदाहरण मराठी वाचकाला घरचं वाटेल : कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं आशा भोसल्यांना वाहिलेलं १९९७चं गाणं. डीजे नॉर्मन कुकने रीमिक्समध्ये गती वाढवली, पट्टीही चढली, आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तुमच्या काळाच्या पलीकडचं आहे, तळटिपेत टाका.

खालीभरी

‘ऑर्गन’बद्दल एक ओळ. शार्लटन्सचा ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीत ऐकणारा पायाने भाता मारायचा ऑर्गन समजेल. तो हॅमंड, विजेवर फिरणाऱ्या चक्रांचा. इन्स्पायरल कार्पेट्सचा फार्फिसा, तो ट्रान्झिस्टरचा, आवाज अधिक चिरका. नावासकट लिहा.

बारा इंची

‘बीट’ राहिला. भाजी आणि पोलीसचौकी सोडून द्या, पण कायद्याच्या भाषेत या शब्दाने धुमाकूळ घातलाय. ब्रिटनच्या १९९४च्या क्रिमिनल जस्टिस कायद्याच्या ६३व्या कलमात, रात्रीच्या उघड्यावरच्या रेव्ह (नाचाच्या) मेळाव्यांवर कारवाईसाठी, ‘संगीत’ या शब्दात एकामागोमाग येणाऱ्या, पुनरावृत्त बीट्सनी ओळखले जाणारे आवाजही धरले आहेत. इथे ‘ठेका’ चालणार नाही, कायदा झोलाबद्दल बोलत नाही. ‘ठोके’च हवं. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोडीने त्याच वर्षी, ज्यात ठोके जसेच्या तसे परत येतच नाहीत असा एक ट्रॅक काढून कलमाची खिल्ली उडवली.

शब्दखोर

तर सुधारलेलं वाक्य : ‘प्रायमल स्क्रीम या इंडी बँडचं एक संथ गाणं अँड्र्यू वेदरॉलने उसवून मोकळ्या ठेक्याच्या लूपवर पुन्हा शिवलं, गती ९८, लय ऐसपैस, आणि झोल असा की गिटारवाल्यांचे चाहतेही क्लबात उतरले.’

खालीभरी

‘ऐसपैस’ आणि ‘झोल’ एकाच वाक्यात नको, दोन्ही एकमेकांना खातात. झोल पुढच्या वाक्यात न्या, तिथे ती १२ मिलिसेकंदं सांगता येतील.

टेपवाला

आणि ‘गती ९८’ नंतर ‘ठोके मिनिटाला’ लिहा. नाहीतर वाचक तबकडीची गती समजेल, आणि ती ३३ किंवा ४५ असते.