अनुभव धागा: रोजच्या धबडग्यात तुमचं गाणं-वाजवणं कुठं बसतं?

कृष्णाकाठची
परवा मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोरा दाखवायला नेला होता. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, पार गेली होती, आवाज नुसता बोदा यायचा. कारागीर काकांनी तारा टेकतात त्या घोडीवरून कानस फिरवली, तार छेडली, ऐकलं, परत फिरवली. मग तारेखाली दोरा घातला आणि नखानं केसभर सरकवला, तशी तार एकदम बोलायलाच लागली. मला तिथंच भरून आलं. बाबा दुकान बंद करून आले की तंबोरा लावायचे आणि दोरा सरकवायचं काम माझ्याकडं. "पुढं... अजून... हां, थांब." डोळे मिटूनच सांगायचे. राग-बिग काही कळत नव्हतं, पण 'थांब' कधी येणार ते त्यांच्याआधी माझ्या कानाला कळायला लागलं होतं.

आता नोकरी, सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलाची दहावी. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. पोळ्या लाटताना ऐकणं. चाल सुचलीच तर दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर. तुमचं कसं जमतं? सगळ्यांनी लिहा.

तिसरी पाळी
सातारा, एमआयडीसी. रात्रपाळी करून आलो की घरचे उठलेले असतात, मग गिटार घेऊन गच्चीवर. बाळ झाल्यापासून तेही बंद, तारांवर फडकं टाकून वाजवतो. चाली मात्र गाडीवरच सुचतात. यवतेश्वरच्या घाटात गाडी कडेला घेऊन फोनवर गुणगुणून ठेवतो, घरी येऊन ऐकतो तर नुसता वारा. तरी त्यातून दोन ओळी सापडतात. माझी दोन्ही गाणी अशीच झालीत.

पेठेतले अण्णा
ताई, जवारी लगेच काढून दिली का ठेवून घेतला तंबोरा? माझ्या नातीचा न्यायचाय.

कृष्णाकाठची
बसल्या बसल्या दिली अण्णा. पण सकाळी जा, संध्याकाळी गर्दी असते. आणि गवसणीत घालून न्या, भोपळ्याला जरा धक्का लागला की चीर जाते.

गावभागकर
२०१९ च्या पुरात आमची बाजाची पेटी माळ्यावर ठेवली होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४५ फुटांना धोक्याची पातळी. पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि माळाही बुडाला. ओसरल्यावर बघतो तर लाकूड फुगलेलं, भात्याचे पुठ्ठे सुटलेले, पट्ट्यांमध्ये चिखल. सगळे म्हणाले टाकून द्या. पण आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पातळ पट्ट्या, पितळेचे असतात, ते गंजत नाहीत. दुरुस्तीवाल्यानं एकेक काढून घासून परत बसवला, भाता नवा केला. मंद्रातला कोमल निषाद अजून घरघरतो. आईच्या बोटाखालची पेटी आहे, त्यामुळं तो सूर बदलून घेतला नाही. रोज रात्री जेवणं झाली की एक अभंग होतोच.

कृष्णाकाठची
दादा, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडं पाणी जिन्यापर्यंत आलं होतं. आईंची पेटी वाचली हे फार बरं झालं.

माणदेशी
मी वाजवत नाही, फक्त ऐकतो. सांगली आकाशवाणीवर कान तयार झाला. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरसाला किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं असतं, ते चुकवत नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले, समाधी तिथंच दर्ग्यात. केवढे केवढे कलावंत तिथं हजेरी लावून जातात, आणि समोर आमच्यासारखी शेतावरून आलेली माणसं बसलेली असतात.
मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे त्या गावची खासियत म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. त्याचे भोपळे आमच्या बाजूचे, पंढरपूर-मंगळवेढा भागातले. पाऊस हुकला की शेतकऱ्याबरोबर कारागिराचीही पंचाईत होते. पोरं या धंद्यात टिकायची तर हातात पैसाही पडला पाहिजे.

वाळव्याची सून
आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. शेतीची लाईट रात्रीची, हे मोटर चालू करायला जातात, मला झोप लागत नाही. मग लिहिते. हे बघा,

पाटाला आलं पाणी गं, सऱ्या साऱ्या भरती
धनी माझा रातभर, जागतो बांधावरती

भजनी ठेक्यात दुसरी ओळ अडते. काय करू?

तिसरी पाळी
आमच्या गावाकडं पण रात्रीचीच लाईट. वडील अजून जातात, साप-विंचवाची भीती. दिवसा द्या म्हणून सांगून सांगून थकलो.

वाळव्याची सून
व्हय भाऊ, बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय मी यांना सोडतच नाही.

गावभागकर
वहिनी, मोजून बघा. 'सऱ्या साऱ्या भरती' सात अक्षरं, 'जागतो बांधावरती' आठ. 'उभा बांधावरती' करा, सात होतील.

वाळव्याची सून
गाऊन बघितलं, बसतंय! पण 'जागतो' गेलेलं नको वाटतं. तेच तर सांगायचंय.

कृष्णाकाठची
मग ते आधीच्या तुकड्यात घ्या ना. 'धनी माझा जागा आहे, उभा बांधावरती'.

वाळव्याची सून
ताई!! हेच हेच. यांना आत्ताच म्हणून दाखवलं, काही बोलले नाहीत, चहा टाकायला उठले. स्वतःहून.

पेठेतले अण्णा
बाळा, पुढची कडवी पण लिही. बांधावर एकटाच का, घरात तूही जागी आहेस, तुझंही येऊ दे त्यात.

गावभागकर
पूर्ण झालं की सांगा वहिनी, पेटीवर वाजवून पाठवतो. गायची पट्टी (सूर) कुठली, काळी चार?

वाळव्याची सून
नको, आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना उंच होतं. काळी तीन धरा. आणि जरा सावकाश, टाळ शेवटपर्यंत पुरले पाहिजेत.