मदत हवी आहे: बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले तुम्ही?

ताईंनो, वय ४६, अंबाजोगाईजवळच्या खेड्यात राहते. अंघोळीच्या वेळी डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफीवर (स्तनाच्या एक्स-रेवर) ‘बायरॅड्स ४’ असा शेरा आला, म्हणून सोमवारी लातूरला सुईची बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाले, ४ म्हणजे संशय आहे, कॅन्सरच आहे असं नाही. आठवडाभर तरी लागेल. कॅन्सर निघालाच तर कोणतं औषध लागू पडेल ते कळायला ईआर, पीआर, हर-२ या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात, त्याला आणखी दिवस.

आज चौथा दिवस. सुई टोचली तिथं काळंनिळं झालंय, त्याचं काही नाही. पण फोन वाजला की पोटात गोळा येतो. काल एकच सूपभर ज्वारी तीनदा निवडली, खडा एक सापडला नाही. जाऊबाई म्हणतात, दुखत नाही ना, मग साधीच गाठ असणार. डॉक्टरांनी तर सांगितलं, दुखण्या-न दुखण्यावरून काहीच ठरत नाही. त्यांना काय सांगणार, माझ्या धीरासाठीच बोलतात बिचाऱ्या.

रात्री दोन वाजता मोबाईलवर वाचत बसते, हेच जास्त वाईट.

ज्या यातून गेल्यात त्यांनी सांगा: झोप कशी लावली? सासूबाईंना आधी सांगितलं की रिपोर्टनंतर? मुलीची बारावी आहे, तिला काही कळू दिलेलं नाही, चुकतंय का माझं? आणि रिपोर्ट घ्यायला जाताना डॉक्टरांना काय काय विचारायचं? ह्यांना तिथं काही सुधरत नाही, मीच वहीत लिहून नेते.