कोव्हिडमधले युनिट हेड: थकलेल्यांत त्यांना धरायचं की नाही?

शल्यकक्ष (मूळ धागा)

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी सर्जरीची युनिट हेड, म्हणजे विभागातल्या एका तुकडीची प्रमुख, आहे. परवा विभागात निवासी डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यावर बैठक झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली आहे, तिच्या बाजूने मी बोलले. ओघात म्हणाले, कोव्हिडात आम्ही शिकवणारेही पार संपलो होतो. सगळे गप्प. मग एक तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, तुम्हाला निदान केबिन होती." चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

केबिनमध्ये मी काय करत होते ते सांगते. एप्रिल २०२० पासून रोज रात्री ड्यूटीचं रोस्टर लावत होते. एकाची आई डायलिसिसवर, एकीला सातवा महिना, एकाचे वडील गावी आजारी. कोव्हिड आयसीयूसमोर नाव लिहायचं आणि सकाळी त्याच पोराला "काळजी घे" म्हणायचं. मे २०२० मध्ये केंद्राच्या सूचनेने ड्यूटीनंतरचं सरसकट विलगीकरण बंद झालं, तेव्हा ते मुलांना सांगायला मीच उभी होते. आदेश दिल्लीचा, तोंड माझं.

आणि शिकवणं? नियोजित शस्त्रक्रिया बंद. सर्जन व्हायला आलेली मुलं ऑक्सिजनचे आकडे लिहीत होती. नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, १८ एप्रिल २०२१ ऐवजी ११ सप्टेंबरला झाली, समुपदेशन थेट १२ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. तोवर नवे जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, नाहीत; तीन बॅचचं काम दोन बॅचवर. एका थर्ड इयरने विचारलं, "मॅडम, मी स्वतःच्या हाताने हर्निया किती केले?" उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याच्या लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदवहीवर, मी सही केली. ती सही मला अजून झोपू देत नाही.

युनिट चालवणारा माणूस आतून विझला की सगळ्यात आधी शिकवणं जातं, आणि ते गेल्याची नोंद कुठेच होत नाही. रोस्टर, ऑडिट, साहित्याची मागणी यासाठी वेगळा माणूस द्या, शिक्षकाला शिकवू द्या, असं माझं मत आहे. पटतं का?

एकेकाळचा_जेआर

मॅडम, आदर ठेवून सांगतो, नाही पटत.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी मेडिसिनचा जेआर-२ होतो, दुसऱ्या शहरात. आमचे सर पहिल्या लाटेत वॉर्डच्या दारातून राउंड घ्यायचे, दुसऱ्या लाटेत फोनवरून. नातेवाइकांना मृत्यू सांगायला आम्ही. एका रात्री मी सात जणांच्या घरच्यांना सांगितलं. सातव्या वेळी आवाज फुटेना, वॉर्डातल्या ब्रदरने (पुरुष नर्सने) माझ्या हातातून फोन घेतला.

१९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलं आहे की सलग ड्यूटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी. कोव्हिड यायच्या आधीची २८ वर्षं ते कुणी पाळलं? रोस्टर युनिटच लावतं ना? वरचा थकवा खाली उतरतो आणि खाली त्याचं नाव "शिस्त" होतं. तुम्ही वेगळ्या असाल, पण एका यादीत दोघांना बसवलं की ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याचं दुःख पुन्हा मागे पडतं.

भूलतज्ज्ञ_नाशिक

केबिनवाले आणि पीपीईवाले एवढे दोनच गट नव्हते हो. आम्ही लेक्चरर मधे होतो. माझी नेमणूक १२० दिवसांची, संपली की नवा आदेश येईपर्यंत जीव टांगणीला. रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब घालायला मी, जेआरला शिकवायला मी, एचओडींना (विभागप्रमुखांना) अहवाल द्यायला मी. मॅडम म्हणतात तसा प्रशासनाला वेगळा माणूस दिला, तर तो माणूस माझ्यासारखाच कुणीतरी कंत्राटी असणार. आधी रिकामी पदं भरा.

न्यूजर्सीकर

इथलं एक उदाहरण देते. डॉ. लॉर्ना ब्रीन न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियनच्या ॲलन हॉस्पिटलमध्ये आपत्कालीन विभागाच्या प्रमुख होत्या. स्वतःला कोव्हिड झाला, त्यातून उठून पुन्हा कामावर गेल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांनी जीवन संपवलं. मदत घेतली तर वैद्यकीय परवाना जाईल अशी भीती त्यांना होती, असं कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला. प्रमुखाला "मला जमत नाहीये" म्हणायला जागा नसते, हे मी माझ्याही विभागात पाहिलं आहे.

एकेकाळचा_जेआर

त्या स्वतः रुग्णांमध्ये होत्या. मी फोनवरून राउंड घेणाऱ्यांबद्दल बोलतोय.

लेक_एचओडीची

माझे बाबा फोनवरून राउंड घेणाऱ्यांपैकीच. वय ६१, मधुमेह, वॉर्डात जायला प्रशासनाची मनाई. फोन ठेवला की स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभे राहायचे. आईने चहा दिला तर तसाच गार व्हायचा. निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांनी कॉलेजचं फाटक पाहिलं नाही. हे तुमच्या सात फोनांएवढं आहे असं मी म्हणत नाही. पण दाराबाहेर उभं राहणं सोपं होतं, असंही कुणी म्हणू नये.

शल्यकक्ष

जेआर, १९९२ चा मुद्दा मला लागला, आणि तो बरोबर आहे. कोव्हिडच्या आधी दहा वर्षं मीच छत्तीस तासांची इमर्जन्सी ड्यूटी लावत आले, कारण मीही तशीच शिकले. तेव्हा कुणाची सूचना आडवी येत नव्हती. यादीचा हट्ट मी सोडते.

सहीचा मात्र नाही सोडत. तो मुलगा आज तालुक्याच्या गावी ऑपरेशन करतो. पहिलं वर्षभर अडलेल्या केसला रात्री मला फोन करायचा, मी जागी राहून एकेक पायरी सांगायचे. शिकवायचं राहिलेलं असं फेडत होते.

एकेकाळचा_जेआर

आमच्या सरांनी असा एक फोन घेतला असता तर मी इथे एवढं लिहिलं नसतं.

यादी सोडा. वॉर्डच्या फलकावर प्रत्येक निवासीचे आठवड्याचे तास लावा, खाली युनिट हेडचं नाव. ७४ च्या वर गेले तर सगळ्यांना दिसू देत.

शल्यकक्ष

सोमवारी लावते. लेक्चररचे तासही त्यावरच.