एअर-कूल्ड इंजिनाला टेंपरेचर सेन्सर कुठं? माझं मत : तीन नंबरच्या प्लगखाली

धागाकर्ता : कोल्हापुरात ज्यांनी जुनी फोक्सवॅगन बीटल गाडी जपली आहे, ते मीटर लावलाच तर ऑइलचा लावतात. तो पुरत नाही असं माझं ठाम मत आहे. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. हेडची, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाची, उष्णता पंख्याची हवा नेते आणि थोडी ऑइल. ऑइल सावकाश तापतं. वैभववाडीहून करूळ घाट चढताना हेड कधीच तापलेलं असतं, ऑइलचा काटा मागनं हलतो. म्हणून थर्मोकपलची (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या टेंपरेचर सेन्सरची) रिंग स्पार्क प्लगखाली हवी, तीही तीन नंबरच्या सिलिंडरला. जुन्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरात, नेमका तीन नंबरच्या वाटेवर उभा असतो. त्या सिलिंडरला हवा कमी मिळते, आणि मिळते ती तापलेली. 1971 च्या मॉडेलपासून कूलर मागं वेगळ्या डब्यात गेला, पण तोवर लाखो गाड्या तशाच निघाल्या होत्या.

उद्यमनगर मिस्त्री : नाही पटत. प्लगच्या कॅपचं रबर इंजिनावरच्या पत्र्याचं भोक बंद करतं. तिथनं वायर काढली की रबर नीट बसत नाही आणि पंख्याची हवा फुकट जाते. म्हणजे ताप मोजायला जाऊन तापच वाढवायचा! शिवाय हेड अॅल्युमिनियमचं. रिंगसाठी प्लग सारखा काढघाल केला की आटे गेलेच. बेअरिंग ऑइलवर जगतात. सेन्सर ऑइलच्या चेंबरला लावा, ऑइल 120 अंशांच्या वर जाऊ लागलं की गाडी बाजूला घ्या.

धागाकर्ता : मिस्त्री, रबराला बारीक खाच पाडून वायर घेता येते, फट राहत नाही. आणि प्लग तसाही सर्व्हिसिंगला निघतोच, रिंग तेव्हाच घालायची. प्लगचा मूळ वॉशर काढून त्या जागी, दोन्ही एकावर एक नाही.

शिरोली फौंड्रीवाला : जागेवरनं भांडताय, पण वायरचं कोणी बोलंना. आमच्याकडं भट्टीवर हे रोजचं आहे. थर्मोकपलची वायर आखूड पडली म्हणून साधी तांब्याची जोडू नका, त्याच जातीची वायर लागते. बीटलचं इंजिन मागं, मीटर पुढं, त्यामुळं जोड द्यायचा मोह होतोच. जोड इंजिनाजवळ 70 अंशांवर आणि मीटर 30 वर असेल, तर काटा सुमारे 40 अंश कमी दाखवणार. हेड जळत असताना तुम्ही निवांत! असला मीटर असण्यापेक्षा नसलेला बरा.

उद्यमनगर मिस्त्री : हेच म्हणतोय मी. आणि रिंगवर हवा कशी लागते त्यावर आकडा बदलतो. दोन गाड्यांचे आकडे जुळत नाहीत.

धागाकर्ता : जुळायची गरजच नाही. आपल्याच गाडीचा सपाट रस्त्यावरचा आकडा लिहून ठेवायचा, चढाला तो किती वर जातो ते बघायचं. गाडी बंद केल्यावर काटा थोडा चढला तर घाबरू नका, पंखा थांबलेला असतो. वायरीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

उद्यमनगर मिस्त्री : तरी माझ्याकडं गाडी आली तर पहिल्यांदा पत्रे आणि रबरं बघणार, मग ऑइलचा सेन्सर. पैसे उरले तर तुमची रिंग.