कागद क्लाउडवर ठेवावेत, पण किल्ली कोणाकडे असावी?

धागालेखक, सांगली :
ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक घरांत खरेदीखते, गुणपत्रिका आणि लग्नाचे अल्बम यांचा अक्षरशः लगदा झाला. कागद स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर ठेवण्याला त्यामुळेच माझा विरोध नाही. मात्र तेथे फाइल कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) स्वरूपात राहत असली, तरी ती उघडण्याची किल्ली सर्वसाधारण खात्यांत कंपनीकडेच असते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ती माहिती उलगडून मागू शकते. म्हणून आधार, पॅन आणि वैद्यकीय अहवाल आधी क्रिप्टोमेटरसारख्या मोफत साधनाने स्वतः कुलूपबंद करावेत आणि मगच वर चढवावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, मिरज :
मला हे पटत नाही. सत्तरीतल्या माणसाने पासवर्ड विसरला, तर त्या फाइली कंपनीलाही उघडून देता येणार नाहीत. भिजलेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. कुलपात अडकलेले आईचे फोटो कोण देणार? शिवाय खरी गळती घराजवळच होते. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाचे डाउनलोड फोल्डर एकदा उघडून पाहा : अनोळखी लोकांची आधार कार्डे, सातबारे, वधू-वरांचे बायोडेटा, सगळे तसेच पडलेले असते. आधी तेथे खाते उघडे ठेवून येणे थांबवावे आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय ओळखीचा आणखी एक पुरावा मागणारी सोय) सुरू करावी.

प्रतिसाद, विश्रामबाग :
खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितले आहे आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे. सामान्य माणसावर तंत्रज्ञानाचा भार कशाला टाकायचा?

धागालेखक :
कायद्याचा आधार हवाच, पण तो पुरेसा नाही. अमेरिकेतील एका बापाने आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांसाठी काढले. ते आपोआप गूगलवर चढले, कंपनीच्या यंत्रणेने ते बालशोषणाचे ठरवले आणि खाते बंद झाले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवल्यानंतरही कंपनीने खाते परत दिले नाही, हे २०२२ मध्ये उघड झाले. मिरजकरांची भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी क्रिप्टोमेटरची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास कामी येणारी राखीव किल्ली, कागदावर उतरवून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते.

प्रतिसाद, मिरज :
लॉकरचा उपाय मान्य, अहवाल कुलूपबंद करीन. आरोग्य विम्याची पॉलिसी मात्र उघडीच ठेवणार, कारण मी अतिदक्षता विभागात असताना ती मुलाला मोबाइलवर लगेच सापडली पाहिजे.