शेजार बदलला की म्हाताऱ्या माणसांचं ताटही बदलतं का? अनुभव सांगा

आई ७८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही तिला ठाण्याला, घोडबंदर रोडवर आणलं. घर चौदाव्या मजल्यावर, भरपूर उजेड, तिला स्वतंत्र खोली. आठ महिन्यांत तिचं वजन सहा किलोने उतरलं. थायरॉईड, साखर, सोनोग्राफी, कवळी, सगळं तपासून झालं. काही निघालं नाही.

मग एकदा तीच म्हणाली, "इथे कुणाकडे काय शिजतंय ते कळतच नाही गं." चाळीत साडेदहाला शेजारून फोडणीचा वास आला की तिची भूक जागी व्हायची. गॅलरीतून वाटी यायची आणि वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून ही काहीतरी करायचीच. बुधवारी-शुक्रवारी कोळीण दारात पाटी उतरवायची. इथे भाजीवाल्यालाही गेटच्या आत सोडत नाहीत. भाजी मोबाईलवरून येते आणि तो मोबाईल माझ्या हातात. आज काय खावंसं वाटतंय, हे आईला ठरवायची वेळच येत नाही.

आम्ही दोघं नऊला बाहेर पडतो. ती दुपारी दूध-पोळी कुस्करून खाते, चारला चहा-बिस्किट. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांचं खाणं जागेमुळे, शेजारामुळे, बाजारामुळे बदललं असेल तर मोकळेपणाने लिहा. बिघडलं असेल तेही आणि सुधारलं असेल तेही.

मंगळवेढ्याजवळून

आमच्या भागातल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि माझे ८१ वर्षांचे चुलते, आण्णा, तीन वर्षं भातावर होते. ज्वारी होती, पीठ होतं, भाकरी थापणारा हात नव्हता. चुलती गेली, दोन्ही मुलं पिंपरीला. रेशनवर माणशी ५ किलो धान्य, आमच्याकडे बहुतेक महिने गहू-तांदूळच. एकट्या पुरुषाला कुकर लावणं तेवढं जमतं. भातावर चटणी आणि तेल, दोन्ही वेळा. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं. कमी करून खायचं काय, ते सांगितलं नाही.

शेवटी भावकीतल्या एका सुनेनेच मार्ग काढला. ती स्वतःच्या घरच्या बरोबर दोन भाकऱ्या जास्त थापते आणि चुलत्यांची ज्वारी तिच्या घरी जाते. दात नाहीत, म्हणून ते आमटीत काला करून खातात. ती भाकरी द्यायला येते तेव्हा उंबऱ्यात पाच मिनिटं बसते. आण्णा तेवढ्यात अर्धी भाकरी संपवतात.

डोंबिवलीहून

मी घरगुती डबे देते, त्यातले १९ डबे एकट्या राहणाऱ्या किंवा दोघंच असलेल्या ज्येष्ठांचे. मीठ-तिखट बेताचं, पोळी मऊ, भाजी जास्त शिजलेली, उसळ असली तर ठेचून. सुरुवातीला मला वाटायचं, चव जमली की झालं. पण डबे धुताना कळायला लागलं. ज्यांचा डबा दाराच्या कडीला अडकवून डबे पोचवणारा मुलगा निघून येतो, त्यांच्या डब्यात रोज एक पोळी आणि वरण उरतं. वरण उरलं की मला जास्त वाईट वाटतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि त्या वाटीत जेमतेम सहा-सात असतात. तीही परत आली तर उरलं काय?

लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन आजी समोरासमोर राहतात. गुडघ्यांमुळे तिघींनाही खाली उतरणं होत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांनी डबे एकीच्याच घरी मागवायला सुरुवात केली. तेव्हापासून ते तीन डबे चाटूनपुसून परत येतात. एकदा निरोप आला, भात थोडा वाढवाल का. स्वयंपाक तोच, हात माझाच. आता नवीन डबा लावायला कुणाचा फोन आला की मी आधी विचारते, आजूबाजूला आणखी कुणी आहे का बरोबर बसायला?

पुण्याहून, थोडक्यात

बाबा रोज पर्वती चढायचे आणि उतरल्यावर मित्रांसोबत वडा-पाव, वर गोड चहा. घरी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही, कारण तिथे नाही म्हणायचं म्हणजे गटातून उठायचं. मग त्यांच्यातल्याच एकाची बायपास झाली. पुढच्या आठवड्यापासून सगळेच्या सगळे शहाळ्यावर आले.

मी स्वतः ७६ वर्षांचा, मूळ वेंगुर्ल्याचा

मुलाने घर घेतलं ती सोसायटी बहुतांशी शाकाहारी. लेखी नियम नाही. पण बांगडा तळला की जिन्यात खिडक्या लावल्याचे आवाज येतात, आणि सून दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहते. मी तिला सांगितलं, नको करू. सत्तर वर्षं माशाच्या कढीवर वाढलेलं शरीर आहे माझं. डाळ खातो, पण दोन घास कमीच जातात. रविवारी मुलीकडे जातो तेव्हा पोटभर जेवतो. शेजाऱ्यांचा मला राग नाही, पण म्हाताऱ्याच्या ताटातून त्याचं सवयीचं अन्न गेलं की त्याच्या जागी दुसरं सहज येत नाही, एवढं त्यांना कळायला हवं.

म्हापशाहून

मावशी एकटी राहते, वाड्यावर. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की ती उठून दार उघडते, एक पोई (इथला पाव) घेते, गरम असतानाच खाते. त्या भोंपूने तिचा नाश्ता कधी चुकला नाही. मासेवाली स्कूटरवर येते. मात्र जून-जुलैत मासेमारी बंद, मग खारा बांगडा आणि सुकी सुंगटं (कोळंबी). रक्तदाब दर पावसाळ्यात वर जातो. यंदा शेजारणीने तिला खारवलेलं भिजवून, पाणी टाकून रांधायला लावलं आणि परसातली तांबडी भाजी रोज देऊ लागली.

एडिसन, न्यू जर्सीहून

आई इथे आली तेव्हा टोस्ट आणि केळं यावर दिवस काढायची. गाडी चालवता येत नाही, दुकान चालत जाण्यासारखं नाही. आता ज्येष्ठांच्या डे केअरची व्हॅन तिला सकाळी नेते. तिथलं जेवण गुजराती वळणाचं, आमटी गोड म्हणून महिनाभर तक्रार. हल्ली घरच्या आमटीत गूळ कमी पडला म्हणते.

धागा सुरू करणारी

डोंबिवलीच्या ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी वॉचमनकडून कळलं की नवव्या मजल्यावर एक काकू दिवसभर एकट्या असतात, मूळ दादरच्या. काल आई आळूचं फदफदं घेऊन खाली गेली. तीनला परत आली, हातात त्यांची वाटी, झाकलेली. वजन अजून तेवढंच आहे. आज सकाळी तिने मला डाळिंब्या भिजत घालायला सांगितल्या, दोन वाट्या.